कनेक्शनचे आयुष्य : पीएचपी, डेटाबेस आणि मधला दुवा

पीएचपीमधून डेटाबेसशी कनेक्शन जोडायला एक ओळ पुरते. सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव दिले की झाले. ही ओळ पहिल्या आठवड्यात शिकवली जाते, एका वेगळ्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि पुढे वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही. मग एखाद्या महाविद्यालयाची प्रवेशयादी लागते, हजारो मुले एकाच वेळी मोबाइल उघडतात आणि पडद्यावर ‘टू मेनी कनेक्शन्स’ एवढाच निरोप दिसतो. टेबले कालचीच असतात, क्वेऱ्याही त्याच, आणि बऱ्याचदा डेटाबेसच्या प्रोसेसरला फारसे कामही नसते. तरीही दार बंद असते. हे पुस्तक त्या एका ओळीविषयी आहे.

ती ओळ चालते तेव्हा नेमके काय घडते, इथूनच सुरुवात करायला हवी. आधी टीसीपीची तीन टप्प्यांची ओळखदेख होते. मग मायएसक्यूएल असेल तर सर्व्हर आपणहून बोलायला लागतो. तो आपली आवृत्ती सांगतो आणि काही यादृच्छिक बाइट पाठवतो. क्लायंट त्यांत पासवर्ड मिसळून एक उत्तर तयार करतो आणि ते परत धाडतो. टीएलएस वापरत असाल तर या येण्याजाण्यात आणखी फेऱ्यांची भर पडते. शिवाय सर्व्हरला या पाहुण्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. मायएसक्यूएल त्याच्या दिमतीला एक थ्रेड देतो, तर पोस्टग्रेसक्यूएल अख्खी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. पत्त्याच्या जागी काय लिहिले यानेही फरक पडतो. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिले तर मायएसक्यूएलचा क्लायंट टीसीपीच्या वाटेला जातच नाही, तो यंत्रावरची सॉकेट फाइल शोधतो. ‘१२७.०.०.१’ लिहिले तरच ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. डॉकरमध्ये पहिल्यांदा काम करणाऱ्या कित्येकांना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा निरोप बुचकळ्यात टाकतो, कारण आपण कुठलीच फाइल मागितलेली नाही याची त्यांना खात्री असते.

एवढा खटाटोप करून जे हाती येते ते नुसती तार नव्हे. कनेक्शनला स्मरण असते. अक्षरसंच कोणता ठरला, वेळेचा पट्टा कोणता, कोणते ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर आहे, कोणते टेबल कुलूपबंद केले आहे, कोणती तात्पुरती टेबले उभी आहेत, शेवटच्या नोंदीला कोणता क्रमांक मिळाला, हे सगळे त्या एका कनेक्शनपुरते सर्व्हर लक्षात ठेवतो. पीएचपीची घडण याच्या नेमकी उलटी आहे. रिक्वेस्ट आली की स्क्रिप्ट जन्माला येते, पान तयार करते आणि आपल्या सगळ्या चलांसह नाहीशी होते. पुढच्या रिक्वेस्टला मागचे काहीही आठवत नाही. एकीकडे स्मरण असलेली, उभी करायला महाग आणि मोजक्या संख्येची वस्तू. दुसरीकडे काहीच न आठवणारी, स्वस्त आणि अमाप निपजणारी स्क्रिप्ट. या दोघींची आयुष्ये एकमेकींशी कशी जुळवायची, हाच या विषयाचा गाभा आहे. पर्सिस्टंट कनेक्शन, पूल, प्रॉक्सी, टाइमआउट, पुन्हा जोडणी या सगळ्या गोष्टी त्या एका प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत, असे माझे मत आहे आणि पुस्तकाची मांडणीही त्यावरच उभी आहे.

रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली ‘पर्सनल होम पेज टूल्स’ सर्वांसाठी खुली केली तेव्हा ती सीजीआय पद्धतीने चालणारी छोटी साधने होती. त्याच वर्षी स्वीडनमध्ये मायएसक्यूएल आकाराला येत होते. त्याआधी लहान संकेतस्थळांसाठी एमएसक्यूएल नावाचा हलकाफुलका डेटाबेस प्रचारात होता. मायएसक्यूएलने आपली क्लायंटची फंक्शने त्याच्याच वळणावर बेतली, म्हणजे एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर सहज नेता येई. १९९८ मध्ये झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी नव्याने लिहिलेली पीएचपी ३ आली, २००० मध्ये झेंड इंजिनासह पीएचपी ४ आली, आणि लिनक्स, अपाचे, मायएसक्यूएल, पीएचपी या चौकडीने स्वस्त होस्टिंगचे जग व्यापले. आपल्याकडची महाविद्यालये, पतसंस्था, दिवाळी अंक, छोटी दुकाने यांची पहिली संकेतस्थळे याच चौकडीवर उभी राहिलेली पाहिलेली एक पिढी आज चाळिशीपन्नाशीत आहे.

त्या काळातले ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे फंक्शन शिकायला अतिशय सोपे होते, आणि त्या सोपेपणाची किंमत पुढे फार काळ मोजावी लागली. क्वेरी कोणत्या कनेक्शनवर चालवायची हे सांगणे बंधनकारक नव्हते. न सांगितल्यास शेवटचे उघडलेले कनेक्शन धरले जाई. त्याच तपशिलांनी ते फंक्शन दुसऱ्यांदा हाकारले तर नवे कनेक्शन न मिळता जुनेच परत मिळे. एका संकेतस्थळात दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन भाग असले आणि एकाने मध्येच डेटाबेस बदलला, तर दुसऱ्याच्या क्वेऱ्या नकळत भलत्याच डेटाबेसवर जात. त्यातच ‘ऑर डाय’ म्हणून चूक थेट पडद्यावर छापायची पद्धत रूढ झाली. शिकताना ती सोयीची वाटे, पण खऱ्या संकेतस्थळावर आलेल्या अनोळखी माणसाला आपल्या टेबलांची आणि रकान्यांची नावे त्यातून आयती कळत. अजूनही काही अभ्यासक्रमांच्या टिपणवह्यांत ही पद्धत दिसते. विद्यार्थ्यांच्या हाती २० वर्षांपूर्वीची सवय देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि हे पुस्तक लिहायला बसण्याचे एक कारण तेही आहे.

२००४ मध्ये पीएचपी ५ बरोबर ‘मायएसक्यूएलआय’ आले. कनेक्शन आता स्पष्टपणे हातात धरायची वस्तू झाली, आणि क्वेरीचा साचा आधी पाठवून त्यात भरायची मूल्ये वेगळी पाठवण्याची सोय झाली. त्याच सुमारास परवान्याचा एक पेच पडला होता. मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी जीपीएल परवान्याखाली गेल्यामुळे पीएचपीला ती आपल्यासोबत बांधून देता येईना. मायएसक्यूएलने मुक्त सॉफ्टवेअरसाठी सवलत जाहीर केली, पण टिकाऊ उत्तर मिळाले ते पीएचपीच्याच परवान्याखाली लिहिलेल्या ‘मायएसक्यूएलएनडी’ या ड्रायव्हरने. तो २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये आला. जी गोष्ट आपल्याला शुद्ध तांत्रिक वाटते तिच्या मुळाशी कधी कधी असा कायदेशीर धागा असतो.

मायएसक्यूएलआय एकाच डेटाबेसपुरते होते. २००५ च्या पीएचपी ५.१ पासून सोबत मिळणाऱ्या पीडीओने अनेक डेटाबेसांसाठी एकच बोलण्याची रीत दिली. पर्ल भाषेत डीबीआयने हे आधीच करून दाखवले होते, आणि पीएचपीमध्येही पेअर डीबी आणि एडीओडीबी यांसारख्या लायब्रऱ्या त्याच वाटेने चालल्या होत्या. आज डॉक्ट्रिन किंवा लाराव्हेलचे एलोक्वंट वापरणारा माणूस थेट पीडीओलाही क्वचितच हात लावतो. या थरांनी काम सुखाचे केले यात शंका नाही. पण कनेक्शन केव्हा उघडले आणि केव्हा सुटले हे त्यांच्या पोटात दडून राहते. जुनी मायएसक्यूएल फंक्शने २०१३ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. पुढे पीएचपी ८.० मध्ये पीडीओने आणि ८.१ मध्ये मायएसक्यूएलआयने चूक झाल्यावर गप्प न बसता एक्सेप्शन फेकणे हीच मूळ वागणूक ठरवली. इतकी वर्षे फसलेली क्वेरी न बोलता पुढे सरकत होती, हे आठवले की हा बदल किती मोलाचा आहे ते कळते.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. दोन आयुष्ये जुळवण्याचा पहिला आणि सर्वांत सरळ पंथ म्हणजे कनेक्शनला रिक्वेस्टइतकेच आयुष्य देणे : स्क्रिप्ट सुरू झाली की उघडायचे, संपली की सोडून द्यायचे. पीएचपी हे आपोआप करते. डेटाबेस त्याच यंत्रावर किंवा शेजारच्याच यंत्रावर असेल आणि गर्दी बेताची असेल, तर यापेक्षा शहाणा मार्ग नाही, असे मी ठामपणे म्हणेन. स्मरणाचा गोंधळ नाही, कुलपे मागे उरत नाहीत, प्रत्येक रिक्वेस्टला कोरी पाटी मिळते. नवशिक्यांना या मार्गाची उगाच लाज वाटते. मायएसक्यूएलमध्ये एक कनेक्शन उघडायला लागणारा वेळ एखाद्या इंडेक्स नसलेल्या क्वेरीपुढे नगण्य असतो, म्हणून आधी मोजावे आणि मग ठरवावे.

दुसरा पंथ पर्सिस्टंट कनेक्शनचा. स्क्रिप्ट संपली तरी पीएचपीची प्रोसेस कनेक्शन धरून ठेवते आणि पुढच्या रिक्वेस्टला तेच देते. ऐकायला छान वाटते, पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला स्मरणाचा. मागच्या रिक्वेस्टने लावलेले टेबलाचे कुलूप, बदललेली सेशनची मांडणी, तात्पुरते टेबल हे सगळे पुढच्या अनोळखी रिक्वेस्टच्या पदरात पडू शकते. मायएसक्यूएलआय कनेक्शन पुन्हा हाती देण्याआधी ते झाडूनपुसून घेते. पीडीओ तशी हमी देत नाही. दुसरा खड्डा निव्वळ गणिताचा. प्रत्येक प्रोसेस आपले कनेक्शन धरून बसते, काम असो वा नसो. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत एकाच वेळी २५६ रिक्वेस्ट हाताळण्याची मूळ मर्यादा आहे, मायएसक्यूएलची कनेक्शनची मूळ मर्यादा १५१ आहे आणि पोस्टग्रेसक्यूएलची १००. हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहिले की अनेक ‘अनाकलनीय’ बिघाड उलगडतात. गर्दी वाढते, प्रोसेस वाढतात, आणि १५२ व्याला दार बंद होते. मायएसक्यूएल प्रशासकासाठी एक जादा जागा राखून ठेवतो ती याच वेळेसाठी, निदान आत जाऊन पाहता यावे म्हणून. आणि नेमका संकेतस्थळाचा कोडच प्रशासकाच्या खात्याने जोडलेला असला, तर ती जागाही आधीच भरलेली असते.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे मर्यादेचा आकडा वाढवणे. मला तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण एका साध्या सूत्रात आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार व्यवस्थेत एका वेळी सरासरी किती जण असतील, तर दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येक जण कनेक्शन ०.०५ सेकंद धरत असेल, तर सरासरी १० कनेक्शन पुरतात. आता त्याच कोडमध्ये कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून मध्येच ओटीपी पाठवणाऱ्या सेवेला हाक मारली आणि तिथे २ सेकंद गेले. रिक्वेस्ट तेवढ्याच आहेत, पण आता ४०० हून अधिक कनेक्शन लागतील. डेटाबेस काही करत नाही, तो नुसता वाट पाहत उभा आहे. पोस्टग्रेसक्यूएलच्या यादीत अशी कनेक्शने ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून दिसतात, तर मायएसक्यूएलच्या प्रोसेसलिस्टमध्ये ‘स्लीप’च्या रांगा लागतात. किती कनेक्शन आहेत यापेक्षा प्रत्येक किती वेळ अडवले जाते हे पाहा. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट घेतली तर ती ही असावी.

तिसरा पंथ पूलचा, म्हणजे मोजकी कनेक्शने उघडी ठेवून ती सर्वांनी आळीपाळीने वापरण्याचा. पंगतीत वाढपी चारच असताना पाने चाळीसवरून चारशे केली तर जेवण लवकर उरकत नाही, प्रत्येकाचा भात मात्र उशिरा येतो. डेटाबेसचेही तसेच आहे. प्रोसेसरचे गाभे आणि डिस्क ठरावीक असताना मोजकी कनेक्शने सतत कामात ठेवणे आणि बाकीच्यांना बाहेर रांगेत थांबवणे यानेच एकूण काम लवकर होते. पोस्टग्रेसक्यूएलच्या वर्तुळात सुरुवातीचा अंदाज म्हणून गाभ्यांची संख्या दुप्पट करून त्यात डिस्कची संख्या मिळवण्याचे सूत्र सांगितले जाते. ८ गाभ्यांच्या यंत्राला त्या हिशेबाने विसाच्या आतच कनेक्शने येतात. शंभरांत विचार करणाऱ्यांना हा आकडा ऐकून धक्का बसतो.

जावामध्ये असा पूल ॲप्लिकेशनच्या पोटातच राहतो, कारण तिथली प्रोसेस दिवसेंदिवस जिवंत असते. पीएचपीच्या प्रोसेस एकमेकींशी काहीच वाटून घेत नाहीत, म्हणून पूल बाहेर, वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवावा लागतो. स्काइपमध्ये जन्मलेला पीजीबाउन्सर पोस्टग्रेसक्यूएलसाठी, आणि प्रॉक्सीएसक्यूएल मायएसक्यूएलसाठी हे काम करतात. ओरॅकलने तर ११जी आवृत्तीत पीएचपीसारख्या बहुप्रोसेस व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून खुद्द डेटाबेसमध्येच पूल बसवला. पण फुकट काहीच मिळत नाही. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शनच्या पद्धतीवर चालवला तर प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर खरे कनेक्शन दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणजे आधी सांगितलेले ते स्मरण आता भरवशाचे राहत नाही. सेशनवर बदललेली मांडणी पुढच्या क्वेरीला असेलच असे नाही, आणि सेशनभर धरायची सल्लागार कुलपेही निरुपयोगी ठरतात. पूल बसवणे हे पायाभूत यंत्रणेचे काम समजून प्रशासकावर सोपवले जाते, पण त्याचे परिणाम कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतात.

चौथा पंथ सर्वांत तरुण आहे. स्वूल, रोडरनर, फ्रँकनपीएचपी आणि त्यांवर उभे राहणारे लाराव्हेल ऑक्टेन यांनी पीएचपीचे मरणच लांबवले. ॲप्लिकेशन एकदा चढते आणि हजारो रिक्वेस्ट हाताळते. वेग वाढतो, पण ज्या विसराळूपणाने पीएचपीने आपल्याला इतकी वर्षे सांभाळले तो जातो. एका रिक्वेस्टने उघडे सोडलेले ट्रान्झॅक्शन आता दुसऱ्याच माणसाच्या नोंदी गिळू शकते. रांगेतली कामे उपसणारे वर्करही याच जातीचे. संध्याकाळी सुरू केलेला वर्कर रात्रभर काम नसल्याने निवांत बसतो, मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, वाट पाहून कनेक्शन तोडतो, आणि सकाळचे पहिलेच काम ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणत कोसळते. अनेक होस्टिंगवर ही मुदत याहून पुष्कळ कमी ठेवलेली असते. पुन्हा जोडून घेणे सोपे आहे. मात्र ट्रान्झॅक्शनच्या मध्यावर गुपचूप पुन्हा जोडले तर पहिला अर्धा भाग मागे फिरलेला असतो आणि दुसरा अर्धा नव्या कनेक्शनवर एकटाच कायम होतो. पैशांच्या हिशेबात असे झाले तर काय होईल हे सांगायला नको.

टाइमआउटविषयी एक गोष्ट मुद्दाम इथेच सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. पीएचपीची ३० सेकंदांची सुपरिचित मर्यादा लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजतच नाही. मायएसक्यूएलएनडीची स्वतःची वाचनाची मुदत मूळ मांडणीत ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस आहे. आपल्याला वाचवायला कोणीतरी आहे या समजुतीत आपण असतो, आणि तिथे कोणीही नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी कनेक्शनकडे लक्ष द्यायला आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत जिव्हाळ्याचे आहे. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये घडले, म्हणून २०१८ मध्ये ८.० आवृत्ती येईपर्यंत त्याचा मूळ अक्षरसंच लॅटिन-१ होता आणि क्रमवारी स्वीडिश वळणाची होती. टेबल यूटीएफ-८ मध्ये बनवले की काम झाले असे आपण समजत होतो. पण कनेक्शनचाही स्वतःचा अक्षरसंच असतो, आणि तो कोणी सांगितला नाही तर लॅटिन-१ धरला जाई. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. लॅटिन-१ च्या कनेक्शनमधून ‘म’ पाठवला तर सर्व्हरला ती तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरे वाटतात. तो त्यांचे प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो, आणि एका ‘म’चे ६ बाइट होऊन बसतात. गंमत अशी, की त्याच चुकीच्या कनेक्शनने परत वाचले तर उलटे रूपांतर होऊन ‘म’ जसाच्या तसा दिसतो. संकेतस्थळ वर्षानुवर्षे ठीक चालते. मग कोणीतरी योग्य अक्षरसंच सांगणारा नवा कोड लिहितो किंवा पीएचपीमायॲडमिनमधून टेबल उघडतो, आणि समोर डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि चलनाची चिन्हे यांची माळ येते. नवा कोड बिघडला असे सगळ्यांना वाटते, वास्तविक तोच पहिल्यांदा खरे दाखवत असतो.

नुकसान दिसण्यापुरते नसते. ५० अक्षरांच्या रकान्यात काना, मात्रा, अनुस्वार धरून जेमतेम १६ चिन्हे मावतात, लांब नावे तुटतात, आडनावांची क्रमवारी निरर्थक होते. कनेक्शन यूटीएफ-८ चे आणि रकानाच लॅटिन-१ असेल तर त्याहून वाईट : देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जाऊ शकतात आणि मग तो मजकूर कायमचा गेला. आणखी एक मेख म्हणजे मायएसक्यूएलने ज्याला नुसते ‘यूटीएफ८’ म्हटले ते ३ बाइटांपर्यंतच धावत असे. देवनागरी त्यात बसे, इमोजी बसत नसे. चार बाइटांचे ‘यूटीएफ८एमबी४’ २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत आले. पीडीओमध्ये कनेक्शनच्या वर्णनातच अक्षरसंच लिहिणे, किंवा मायएसक्यूएलआयमध्ये त्याचे फंक्शन हाकारणे, एवढ्याने हे सगळे टळते. नंतर क्वेरीने अक्षरसंच बदलण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षितही आहे, कारण मजकूर निर्धोक करणाऱ्या फंक्शनला कनेक्शनचा खरा अक्षरसंच माहीत असावा लागतो. साठवलेले जुने मराठी साहित्य, ग्रामपंचायतींच्या नोंदी, वाचनालयांच्या याद्या अशा दुहेरी रूपांतरात अडकल्या असतील तर त्या सोडवता येतात. ती रीत पुस्तकात सविस्तर दिली आहे, कारण मला ती इतरत्र मराठीत कुठे वाचायला मिळाली नाही.

सुरक्षेचा विषय मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्र पुस्तके आहेत, म्हणून इथे कनेक्शनपुरतेच. एक्सएएमपीपीमध्ये प्रशासकाचे खाते रिकाम्या पासवर्डने येते. शिकण्यासाठी ते ठीक, पण तीच ओळ उचलून खऱ्या सर्व्हरवर जाते. कनेक्शनच्या फाइलची ‘बॅक’ अशा शेपटीची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर वेब सर्व्हर ती पीएचपी म्हणून न चालवता साधा मजकूर म्हणून कोणालाही वाढतो. आणि जोडणी फसल्यावर छापल्या गेलेल्या स्टॅक ट्रेसमध्ये पासवर्ड दिसू शकतो. पीएचपी ८.२ ने असे गोपनीय तपशील झाकण्याची सोय दिली, ती वापरलीच पाहिजे.

हे सगळे आज लिहावे असे वाटण्याचे कारण म्हणजे जुने गृहीतक मोडले आहे. एक यंत्र, त्यावरच अपाचे आणि त्यावरच मायएसक्यूएल, हे चित्र आता लहान संकेतस्थळांपुरते उरले. गर्दी वाढली की आपोआप नवे कंटेनर उभे राहतात. प्रत्येकात पीएचपी-एफपीएमच्या ५० प्रोसेस आणि असे ६ कंटेनर म्हटले तर ३०० कनेक्शनची मागणी झाली, शिवाय वर्कर आणि क्रॉनची कामे वेगळीच. डेटाबेस मात्र एकच, तोही भाड्याचा, आणि त्याच्या कनेक्शनची मर्यादा बहुधा आपण घेतलेल्या यंत्राच्या मेमरीवर ठरलेली. ॲप्लिकेशन हवे तेवढे पसरवता येते आणि डेटाबेस तसा पसरत नाही. या दोघांमधला ताण नेमका कनेक्शनवर येतो. त्यात आता कोड लिहून देणारी साधने घरोघर पोहोचली आहेत. ती चालणारी ओळ क्षणात देतात, पण ते कनेक्शन किती काळ जगावे हे तुमच्या गर्दीचा अंदाज नसलेले साधन सांगू शकत नाही.

या पुस्तकात फंक्शनांची यादी नाही. ती पीएचपीच्या अधिकृत दस्तऐवजात उत्तम मिळते. इथे प्रत्येक निर्णयाकडे ‘हे कनेक्शन कोणाचे, किती वेळाचे, आणि सोडताना त्याच्यावर काय उरते’ या तीन प्रश्नांतून पाहिले आहे. बिघाड मुद्दाम घडवून दाखवले आहेत : मर्यादा ५ वर आणून दार बंद होताना पाहणे, ट्रान्झॅक्शनच्या मध्यात सर्व्हर बंद करणे, चुकीच्या अक्षरसंचातून ज्ञानेश्वर हे नाव पाठवून त्याचे बाइट मोजणे. हे प्रयोग वाचून सोडू नयेत, स्वतःच्या लॅपटॉपवर करावेत. एकच पंथ श्रेष्ठ असा निवाडा मी दिलेला नाही, पण कोणत्या परिस्थितीत मी स्वतः काय निवडीन हे दरवेळी उघड लिहिले आहे.

वाचकाला पीएचपी आणि एसक्यूएलची तोंडओळख असावी एवढीच अपेक्षा आहे. उदाहरणे पीएचपी ८.२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी, मायएसक्यूएल ८.० आणि पोस्टग्रेसक्यूएल यांवर बेतली आहेत. मारियाडीबी जिथे वेगळी वागते तिथे तसे नोंदवले आहे. ज्यांच्याकडे अजून जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांवर चालणारी संकेतस्थळे आहेत त्यांनी स्थलांतराचा भाग आधी वाचावा आणि त्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवावी, तीही अक्षरसंच तपासून.